शेजारच्या खुर्चीतून नीट दिसेल अशी स्क्रीन: प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

दिवाळी अंकाचा पहिला फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची सोळा पानं, छापखान्यात पाठवण्याआधी सवयीने कागदावर काढून पाहिला आणि पोटात गोळाच आला. सोळा पानांत एकवीस चुका, त्यातल्या सतरा अनुस्वाराच्या. एका कथेत 'खंत' हवं तिथे 'खत' राहिलं होतं. संवादांमध्ये 'केलं, गेलं, पाहिलं' यांवरची टिंबं बऱ्याच ठिकाणी गळलेली. टाइप करताना मीच गाळली, हे खरं. पण ती पकडायला शेजारी सर बसलेले असतात, आणि सरांच्या नजरेतून असं काही सुटत नाही.

सर माझे शाळेतले मराठीचे शिक्षक. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं माझ्याबरोबर मुद्रितशोधन करतात. आमची पद्धत ठरलेली आहे. पहिलं वाचन स्क्रीनवर, दोघांनी मिळून: मी लॅपटॉपसमोर, सर माझ्या डावीकडे. ते मोठ्याने वाचतात, मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. कागदावर फक्त शेवटचं प्रूफ निघतं, कारण मजकूर अखेरपर्यंत बदलत असतो आणि प्रत्येक बदलाला सोळा पानं काढणं परवडत नाही.

एकवीस चुकांचा कागद सरांनी हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, आता माझे डोळे गेले. यंदा दुसरं कुणी बघ." मला फार वाईट वाटलं. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं होऊन दोन वर्षं झाली, आणि तोच कागद त्यांनी माझ्यासमोर बिनचूक वाचून दाखवला. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न नव्हता.

ते गेल्यावर चार्जरची वायर काढायला म्हणून त्यांच्या खुर्चीवर टेकले आणि सहज समोर पाहिलं. पानाची उजवी कड पिवळट पडलेली. राखाडी अक्षरातल्या तळटीपा जवळजवळ पुसलेल्या. संपादकांनी पिवळ्या रंगाने खूण केलेली ओळ पांढरी दिसत होती. मान माझ्या जागेकडे झुकवली की सगळं परत यायचं.

नऊ वर्षं सर शेजारी बसतात. हा लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा. चार वर्षांत एकदाही मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं नव्हतं. आजपासून ही वही.

१६ जुलै, बुधवार

टेप घेऊन मोजमाप केलं. आमच्या बसण्यात नक्की किती कोन पडतो ते आधी कळायला हवं, मग स्क्रीनचं बघू.

स्क्रीन १५.६ इंची. दिसणारा भाग ३४.४ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ उंच. सरांचे डोळे स्क्रीनच्या मध्यापासून ४५ सेंटीमीटर डावीकडे, आणि स्क्रीनपासून ६० सेंटीमीटर लांब. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला: त्यांना पानाची डावी कड २५ अंशांतून दिसते, मधला भाग ३७ अंशांतून आणि उजवी कड ४६ अंशांतून. एकाच ओळीच्या दोन टोकांत एकवीस अंशांचा फरक. ओळीच्या सुरुवातीचं टिंब दिसतं आणि शेवटचं निसटतं, ते यामुळे असावं. कागद काढून तपासलं तर सतरापैकी बारा अनुस्वार पानाच्या उजव्या अर्ध्यातले निघाले.

उभा कोन त्याहून वाईट. सर उंच आहेत, त्यांची खुर्चीही उंच. स्क्रीन मी माझ्या डोळ्यांच्या बेताने झुकवते, त्यामुळे त्यांचे डोळे मधल्या रेषेपेक्षा १५ सेंटीमीटर वर येतात. पानाची वरची कड त्यांना ५ अंशांतून दिसते, पण खालची कड २२ अंशांतून. तळटीपा तिथेच असतात.

अक्षरं मोठी करून पाहिली, दीडशे टक्के. टिंब मोठं झालं, पण उजवी कड फिकी ती फिकीच. शिवाय अर्धंच पान दिसायला लागलं, आणि जोडपानाची मांडणी बघायची सोय गेली.

मग सरांना मध्ये बसवलं आणि मी उजवीकडे सरकले. आता मला दिसेना. टाइप करणारीला दिसत नसेल तर दुरुस्ती कोण करणार?

२० जुलै, रविवार

दोन दिवस वाचत होते. समजलं ते माझ्या शब्दांत लिहून ठेवते, म्हणजे दुकानात कुणी काही सांगितलं तर ताडून पाहता येईल.

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन टीएन जातीची. टीएन म्हणजे पीळ दिलेला द्रवस्फटिक. दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाच्या लांबट रेणूंचा थर असतो. एका काचेपासून दुसरीपर्यंत त्यांना ९० अंशांचा पीळ असतो, आणि प्रकाशाचं कंपन त्या पिळाबरोबर वळून बाहेर पडतं. वीज दिली की रेणू काचेवर उभे राहतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो. १९७० साली बाझेलमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी ही युक्ती शोधली. घड्याळं, कॅल्क्युलेटर, लॅपटॉप, सगळे तिच्यावर मोठे झाले.

अडचण मधल्या छटांची. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा त्या मानाने तग धरतात. राखाडीसाठी मात्र रेणू अर्धवट उठलेले असतात, आणि सगळे एकाच दिशेला कललेले. वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं ज्वारीचं शेत एका बांधावरून पाहिलं तर कणसं दिसतात, दुसऱ्या बांधावरून ताटं दिसतात, तसंच काहीसं. म्हणून टीएन स्क्रीन वरून पाहिली की सगळं फिकट होतं, आणि खालून पाहिली की काळवंडते, छटा उलट्या होतात. डावी-उजवी बाजू त्यापेक्षा बरी, पण नुसती बरी, एवढंच.

आयपीएस ही स्क्रीनची दुसरी जात. तिच्यात रेणू उभे राहत नाहीत. काचेला समांतर पडूनच जागच्या जागी वळतात, घड्याळाच्या काट्यासारखे. त्यामुळे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी प्रकाशाची वाट साधारण सारखी राहते. हिताचीने १९९६ मध्ये अशा स्क्रीन बाजारात आणल्या. प्रत्येक कंपनीने आपापलं नाव दिलंय: एयूओ त्याला एएचव्हीए म्हणते, सॅमसंग पीएलएस, बीओई एडीएस. माझ्या कामापुरती ही सगळी एकाच घरातली भावंडं.

आता आकडे. टीएनच्या तांत्रिक पत्रकात दिसण्याचा कोन, अंशांत, साधारण असा असतो: डावीकडे ४५, उजवीकडे ४५, वर-खालीपैकी एका बाजूला १५ ते २०, दुसऱ्या बाजूला ३५ ते ४०. आयपीएसला चारही बाजूंना ८० ते ८९. जाहिरातीतला १७८ हा आकडा दोन्हीकडच्या ८९ ची बेरीज.

पण हा कोन मोजतात कसा, हे कळल्यावर मी दचकले. पांढरा हा काळ्याच्या दहापट उजळ राहतो तिथपर्यंतचा कोन 'दिसणारा' धरतात. समोरून ही पट टीएनला ४००–५०० असते. ती घसरत घसरत १० वर आली तरी पत्रकाच्या हिशोबात स्क्रीन दिसतेच आहे! रंग बदलला, राखाडी अक्षर पानात मिसळलं, ते यात धरलेलंच नाही. पांढऱ्यावर ठळक काळं अक्षर तिथेही वाचता येईल. बारीक, कडांना राखाडी असलेलं टिंब नाही वाचता येणार. आणि सरांची उजवी कड ४६ अंशांवर आहे.

म्हणजे पत्रकातला कोन आपल्या गरजेएवढा असून भागत नाही, तो गरजेच्या बराच पुढे हवा.

२३ जुलै, बुधवार

तीन वाटा आहेत. एक, वेगळा मॉनिटर. चोवीस इंची आयपीएस घेऊन टेबलावर ठेवला तर प्रश्न सुटतो. भावाने तर हेच सांगितलं, आणि जे घरीच बसून काम करतात त्यांना मीही हेच सांगेन. पण गुरुवारी आम्ही सरांच्या घरी बसतो, कारण त्या दिवशी वहिनींना डायलिसिसला न्यायचं असतं आणि सर निघायच्या वेळेपर्यंत घर सोडू शकत नाहीत. अंकाच्या शेवटच्या आठवड्यात मी लॅपटॉप घेऊन छापखान्यात बसते. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की मॉनिटर बंद.

दोन, नवा लॅपटॉप. तीन, आहे त्याच लॅपटॉपची स्क्रीन बदलायची. बाकी यंत्र ठणठणीत आहे, मागच्याच वर्षी एसएसडी आणि रॅम वाढवली. मन तिसऱ्या वाटेकडे आहे, पण दुसरी न पाहता सोडायची नाही.

चाचणीसाठी एक पीडीएफ बनवली, चार पानांची. पहिल्या पानावर फक्त टिंबाने वेगळ्या होणाऱ्या जोड्या, उलटसुलट क्रमाने: पत-पंत, मद-मंद, खत-खंत, वश-वंश, चिता-चिंता. अकरा पॉइंटात, पानभर, कडेपर्यंत. दुसऱ्या पानावर राखाडी तळटीपा, तीन छटांत. तिसऱ्यावर फिकट पिवळ्या आणि फिकट गुलाबी खुणा. चौथ्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पट्ट्या. स्क्रीन वाईट असेल तर कोनातून या पट्ट्यांचा क्रम बदलतो किंवा दोन पट्ट्या एक होतात.

२७ जुलै, रविवार

साताऱ्यातल्या दोन मोठ्या दुकानांत गेले. पेन ड्राइव्हवर पीडीएफ, पर्समध्ये टेप. विक्रेत्या मुलांना आधी नवल वाटलं, पण त्यांनी मनापासून मदत केली.

दुकानात स्क्रीन पारखताना फसायला होतं. लॅपटॉप छातीएवढ्या उंच मांडणीवर असतात, आपण उभे. त्यावर समुद्राचे आणि फुलांचे भडक रंगांचे व्हिडिओ फिरत असतात, उजेड शंभर टक्के. असल्या चित्रात टीएनसुद्धा खपून जाते. मी प्रत्येक यंत्राचा उजेड निम्म्यावर आणला, पीडीएफ उघडली, स्टूल मागून घेतलं आणि ४५ सेंटीमीटर डावीकडे सरकून बसले. मग झाकण हळूहळू मागे झुकवत नेलं. टीएन असेल तर खालच्या भागातल्या पट्ट्या डोळ्यांदेखत उलटतात.

मोबाइलवर फोटोही काढले. कॅमेऱ्याचा उजेड कुलूपबंद करून मगच काढायचे, हे दुसऱ्या दुकानात कळलं. नाहीतर कॅमेरा अंधारलेलं चित्र आपणहून उजळतो आणि सगळ्या स्क्रीन सारख्याच दिसतात. पहिल्या दुकानातले सगळे फोटो त्यामुळे वाया गेले.

शब्दांचा घोळही फार. 'एलईडी स्क्रीन आहे ताई' असं तीनदा ऐकलं. एलईडी हा मागचा दिवा, त्याचा कोनाशी संबंध नाही. 'फुल एचडी आहे' याचाही नाही, टीएनसुद्धा फुल एचडी मिळते. 'अँटी-ग्लेअर' म्हणजे पृष्ठभाग खरबरीत, एवढंच. एका पत्रकात 'एसव्हीए' लिहिलं होतं. विक्रेता म्हणाला ही व्हीए नावाच्या आणखी एका स्क्रीनची सुधारलेली जात. तसं नाही. ते 'स्टँडर्ड व्ह्यूइंग अँगल'चं लघुरूप, म्हणजे साधा कोन, म्हणजे टीएनच. 'डब्ल्यूव्हीए' असेल तर तो रुंद कोन.

एक ओएलईडीही पाहिली, म्हणजे मागचा दिवा नसलेली स्क्रीन. कोनाच्या बाबतीत सगळ्यांत सरस, काळा तर विहिरीसारखा. तिरकं पाहिल्यावर पांढऱ्याला किंचित निळसर झाक येत होती, पण टिंबं शाबूत. किंमत माझ्या आवाक्याबाहेर, आणि माझ्या कामात एकच टूलबार दिवसाचे दहा तास एकाच जागी उभा असतो. ओएलईडीला तसा स्थिर मजकूर मानवत नाही, त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो.

माझ्या बजेटात बसणाऱ्या पाचपैकी दोन टीएन निघाले. २०२५ मध्ये! बाकी तीन आयपीएस चांगले होते, पण नवा लॅपटॉप फक्त स्क्रीनसाठी घ्यायचा, हे पटेना. तिसरी वाट नक्की.

२ ऑगस्ट, शनिवार

स्क्रीन उघडली. धाकटा भाऊ सोबतीला. आधी बॅटरीचा जोड काढला, मग स्क्रीनभोवतीची चौकट नखांनी आणि जुन्या एटीएम कार्डाने सोडवली. घाई केली की तिचे खटके तुटतात. एक तुटलाच.

पॅनेल चार स्क्रूंवर बसवलेलं. मागच्या लेबलवर नंबर: एनटी१५६डब्ल्यूएचएम-एन४२. हा नंबर म्हणजे पॅनेलचं आधार कार्ड. लॅपटॉपच्या मॉडेलवरून पॅनेल ओळखू नये, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी पॅनेलं घालतात. बीओईच्या नंबरात 'एनटी' म्हणजे टीएन, 'एनव्ही' म्हणजे रुंद कोनाचं. एयूओच्या बी१५६एक्सटीएन किंवा बी१५६एचटीएनमध्ये 'टीएन' उघडच लिहिलेलं असतं, 'एचएएन' असेल तर ते चांगलं. इनोलक्सचं एन१५६बीजीई हे टीएन, एन१५६एचसीई आणि एन१५६एचसीए हे आयपीएस. एलजीच्या नंबरात आडव्या रेघेनंतर 'टीएल' असेल तर टीएन, 'एसपी' असेल तर आयपीएस. हे मी पाठच केलं, पुण्याला पॅनेल घ्यायला जाईन तेव्हा उपयोगी पडेल.

लेबलाचा, जोडाचा आणि स्क्रूंच्या कानांचा फोटो घेतला. जोड ३० पिनांचा, उजवीकडे खाली. पॅनेलला वर-खाली पत्र्याचे कान आहेत. हल्लीच्या काही पॅनेलांना कान नसतात, ती दुतर्फी टेपने चिकटवतात आणि रुंदीलाही थोडी कमी असतात. माझ्या झाकणात कानवालंच बसणार.

सध्याचा आकार १३६६ गुणिले ७६८, म्हणजे इंचाला साधारण १०० ठिपके. फुल एचडी घेतलं तर १४१. अकरा पॉइंटाच्या अक्षरातलं टिंब आज जेमतेम दोन ठिपक्यांचं असतं, ते तिनावर जाईल. कोनाबरोबर हाही फायदा.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळची सहाची एसटी, दहाच्या आधी पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. पाऊस होता तरी गल्ली भरलेली.

तिसऱ्या दुकानात कानवालं, ३० पिनांचं, 'एनव्ही१५६एफएचएम'ने सुरू होणारं पॅनेल मिळालं. दुकानदारदादांनी टेस्टरवर जोडून लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण रंग दाखवले. पांढऱ्यावर मधोमध एक काळा बिंदू. ते म्हणाले, "ताई, तीन ठिपक्यांपर्यंत कंपनी चालवून घेते." मी म्हटलं, "दादा, माझं काम टिंबांचंच आहे. हा बिंदू रोज कुठल्या तरी अक्षराच्या डोक्यावर बसणार." त्यांनी क्षणभर पाहिलं आणि दुसरा खोका उघडला. तो निर्मळ निघाला. रुपये ५,२००, पंधरा दिवसांत बदलून देण्याच्या बोलीवर.

टेस्टरवर कोनातून पाहिलं: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. पांढरा पांढराच राहिला. फक्त पूर्ण काळ्यावर कोपऱ्यात एक फिकट चकाकी येते. ती आयपीएसची खोड आहे, आणि मी काळ्यावर काम करत नाही.

केबलबद्दल विचारलं. "३० पिनांना ३० पिन, चालतंय की." मलाही ते पटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चाललं नाही.

पॅनेल बरोब्बर बसलं, जोड बरोब्बर बसला, मागचा दिवा लागला, पण चित्र नाही. जुनं लावलं की चित्र येतं. रात्री अकरापर्यंत दोन्ही आलटून पालटून लावत होते.

कारण शोधायला उरलेली रात्र गेली. ३० पिन असल्या तरी केबलमध्ये सगळ्या तारा ओढलेल्या असतीलच असं नाही. चित्राची माहिती ज्या तारांच्या जोडीतून जाते तिला लेन म्हणतात. माझ्या केबलमध्ये अशी एकच लेन होती. एका लेनची धाव सेकंदाला २.७ गिगाबिट, त्यातली कामाची २.१६. जुन्या स्क्रीनला सेकंदाला साधारण सव्वासात कोटी ठिपके लागतात, प्रत्येकाला १८ बिट, म्हणजे सुमारे १.३ गिगाबिट. ते आरामात मावतं. फुल एचडीला सुमारे १४ कोटी ठिपके, म्हणजे अडीच गिगाबिट. मावत नाही. दोन लेन हव्यातच.

फुल एचडी स्क्रीनसह विकल्या गेलेल्या याच मॉडेलची केबल वेगळी येते, तिच्यात दोन लेन असतात. हा हिशोब पुण्याला जायच्या आधी करायला हवा होता. निदान लॅपटॉप बरोबर न्यायला हवा होता, तर तिथेच उमगलं असतं. कुणी स्क्रीन बदलायला निघालं तर त्यांनी आधी केबल पाहावी, आणि यंत्र घेऊनच जावं.

१६ ऑगस्ट, शनिवार

केबल आली, रुपये ८५०. मागवताना सुट्या भागाचा नंबर जुन्या केबलच्या कागदी पट्टीवरून घेतला आणि विकणाऱ्याकडून दोन लेनचा फोटो मागितला: जोडाजवळ तारांची आणखी एक जोडी दिसायला हवी.

केबल बदलण्यासाठी बिजागरीपर्यंत उघडावं लागलं. दुपारी तीनला सुरुवात, साडेपाचला चित्र आलं. भाऊ ओरडलाच.

खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र उजेडाचा डाग होता. चौकट आवळताना पॅनेल दाबलं गेलं होतं. कानाचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, डाग निवळला.

मग टेपने मोजून सरांच्या जागेवर बसले आणि पीडीएफ उघडली. 'चिता' आणि 'चिंता' उजव्या कडेपर्यंत वेगळे दिसले. पट्ट्या अकराच्या अकरा. वरून, उभं राहून पाहिलं तरी पिवळी खूण पिवळीच.

२४ ऑगस्ट, रविवार

सरांना बोलावलं. मुद्दाम काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "सर, दुसरा फॉर्म वाचायचाय, या ना."

ते नेहमीच्या खुर्चीत बसले आणि नेहमीसारखी मान माझ्याकडे झुकवली. दोन पानांनंतर पाहिलं तर मान सरळ झाली होती. त्यांना स्वतःला कळलंही नसावं. चौथ्या पानावर ते थांबले. "इथे 'मद वारा' आहे. मंद हवं." शब्द उजव्या कडेला, ओळीच्या शेवटी होता.

एका बैठकीत सोळा पानं झाली. पूर्वी आठ पानांनंतर ते मान चोळत उठायचे. मी कागद काढला आणि त्यांच्याच हाती दिला. राहिलेल्या चुका तीन, त्यात अनुस्वाराची एक. सरांनी कागद दोनदा वाचला. मग मी टीएन पॅनेल आणून दाखवलं, सगळं सांगितलं. ते बराच वेळ ते पॅनेल उलटसुलट करून पाहत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं होतं, मला आता थांबायला हवं."

हिशोबाला धरून एक गोष्ट नोंदवते. कोन आणि ठिपक्यांची दाटी, दोन्ही एकदम बदलले. सगळं श्रेय कोनाला देता येणार नाही. पण आधी अक्षर दीडपट करूनही उजवी कड फिकीच राहिली होती, आणि सरांची मान सरळ झाली ती दाटीमुळे नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीच्या दिवसांत काम थांबलं होतं, या आठवड्यात तिसरा आणि चौथा फॉर्म झाला. राहिलेल्या चुका दोन आणि चार, अनुस्वाराची एकही नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही लिहून ठेवते. पान वेगाने वर सरकवलं की अक्षरांमागे पुसट सावली ओढल्यासारखी दिसते, हे पॅनेल टीएनपेक्षा संथ आहे. बॅटरी वीसेक मिनिटं लवकर संपते. आयपीएसमधून प्रकाश कमी बाहेर पडतो, त्यामुळे मागचा दिवा जास्त जोराने जळतो, शिवाय ठिपकेही दुप्पट झाले. उजेड अगदी कमी केला की दिवा लुकलुकतो का, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहिलं. पंचवीस टक्क्यांच्या खाली पट्टे सरकताना दिसतात. रात्री बसताना उजेड चाळीसवर ठेवायचा आणि खोलीतला दिवा लावायचा, असं ठरवलं. सरांना लुकलुकणाऱ्या उजेडाने डोकं दुखतं.

एकूण खर्च ६,०५० रुपये आणि पुण्याचं भाडं. जुनं पॅनेल आणि एक लेनची केबल खोक्यात घालून वर दोन्हींचे नंबर लिहून ठेवले.

पाचवा फॉर्म कवितांचा आहे. गुरुवारी, सरांकडे.